छोटे शुभंकर : आजाऱ्याच्या उशाशी बसलेली मुले

पावसाळ्यात एकदा तरी मांडवगडावर जाऊन येणे हा धार, देवास आणि इंदूरच्या मराठी कुटुंबांचा जणू कुळाचारच आहे. जहाज महालासमोर भाजलेली कणसे खावीत, रूपमतीच्या मंडपातून खाली पसरलेले निमाड डोळे भरून पाहावे, हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रुपेरी रेघ शोधावी आणि परतताना गोरखचिंचेची ती मखमली सालीची भलीमोठी फळे पिशवीत टाकावीत, हा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला. ही फळे विकणारी मुले-मुली आपल्या ओळखीची असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या कडेवर एखादे धाकटे भावंड असते. आपण कौतुकाने चार शब्द बोलतो, दहा-वीस रुपये जास्त देतो आणि गाडीत बसतो.

याच मुलांचे दुसरे रूप आपल्यासारख्या वैद्यकीय व्यावसायिकांच्या परिचयाचे आहे. रुग्णालयाच्या खाटेशेजारी, जमिनीवर पसरलेल्या गोधडीवर, वडिलांच्या सलाइनच्या बाटलीवर नजर ठेवून बसलेला बारा वर्षांचा मुलगा आपण पाहिलेला असतो. आईची औषधे कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची हे अचूक सांगणारी, चिठ्ठी वाचता येत नसूनही गोळ्या रंगांवरून ओळखणारी मुलगी आपण पाहिलेली असते. रुग्णालयाच्या भाषेत ही मुले 'अटेंडर' असतात. सोबत कोण आहे, याची नोंद कागदावर होते. सोबत्याचे वय किती, हा रकाना मात्र कोठेही नसतो. प्रस्तुत लेख या न लिहिलेल्या रकान्याविषयी आहे.

इंग्रजीत अशा मुलांना 'यंग केअरर' म्हणतात. जपानी भाषेने हा शब्द तसाच उचलला आहे. मराठीला मात्र उसनवारी करण्याचे कारण नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील मराठी स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याचा सुंदर प्रघात पडला आहे. तोच धागा धरून या मुलांना मी छोटे शुभंकर म्हणते. अठरा वर्षांखालील जे मूल आजारी, अपंग, मनोरुग्ण अथवा व्यसनाधीन नातेवाइकाची अशी काळजी नियमाने घेते, की जी एरवी प्रौढ माणसाने घ्यायची असते, ते मूल म्हणजे छोटा शुभंकर. आजीला चष्मा शोधून देणे किंवा बाळाला घटकाभर खेळवणे याला मी यात धरत नाही. तो घरातल्या घरात होणारा संस्कार आहे आणि तो हवाच. पाणी आणून देणारे मूल आणि आईला आधार देऊन शौचाला नेणारे, रात्री तिचा श्वास चालू आहे ना हे दोनदा उठून पाहणारे, औषध चुकले तर तिच्या मरणाला आपण कारण होऊ असे मानणारे मूल, या दोहोंत मोठे अंतर आहे.

आपल्या परंपरेत या मुलांना शब्द नाही याचे कारण कदाचित असे असावे, की त्यांना आदर्श आहे. आईवडिलांची सेवा करता करता दारी आलेल्या विठ्ठलाला विटेवर उभे करणारा पुंडलिक आणि आंधळ्या मातापित्यांची कावड खांद्यावर घेऊन निघालेला श्रावणबाळ ही आपली दैवते. त्या आदर्शांविषयी मला आदरच आहे. परंतु कावड वाहणाऱ्या श्रावणाच्या खांद्यांचे काय झाले, त्याला वाटेत कोणी हात दिला का, हा प्रश्न कीर्तनात विचारला गेलेला मी ऐकलेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे. ते वेतन निराधार वृद्धांना मिळते, आणि ते योग्यच आहे. श्रावणासाठी मात्र योजना नाही.

असो. आपल्या जिल्ह्याकडे वळू. इंदूरहून निघून धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा असा अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच दिशेने या पट्ट्यातील भिल्ल, भिलाला कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मजुरीला जात आली आहेत. या शतकाच्या आरंभी, अवर्षणाच्या वर्षांत, अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील अनेक तरुण जोडपी गोध्रा व बालासिनोर परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेली. काचेसाठी आणि भट्ट्यांच्या अस्तरासाठी लागणारे गारगोटीचे पीठ तेथे तयार होत असे. हवेत तरंगणारे सिलिकाचे हे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांना गिळणाऱ्या भक्षकपेशी स्वतःच मरतात, आणि दाह व तंतूकरणाचे न थांबणारे चक्र सुरू होते. खाणीतल्या मजुराला सिलिकोसिस व्हायला सामान्यतः दहा-वीस वर्षे लागतात. येथे धुळीचे प्रमाणच असे होते, की काही महिन्यांच्या कामानंतर माणसे धापा टाकीत गावी परतली आणि थोड्या वर्षांत गेली. अनेकांच्या कागदांवर आधी क्षयरोग लिहिला गेला. क्ष-किरण चित्रातील साम्य आणि दोन्ही आजार एकत्र असण्याची मोठी शक्यता पाहता ते अनपेक्षित नव्हते. परंतु क्षयाची औषधे सिलिकोसिसवर चालत नाहीत, आणि सिलिकोसिसवर तर औषधच नाही.

पुढचा इतिहास नोंदलेला आहे. खेडूत मजदूर चेतना संगठन, सिलिकोसिस पीडित संघ आणि इंदूरच्या शिल्पी केंद्राने गावोगाव फिरून याद्या केल्या. २००६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात शासनाने द्यावेत आणि जिवंत बाधितांचे पुनर्वसन मध्य प्रदेश शासनाने करावे, अशी शिफारस केली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई देण्याचा आदेश दिला. व्यावसायिक आजाराच्या बाबतीत असा निकाल मिळवणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी ती लढाई लढली त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे असे मला वाटते.

तरीही बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने या प्रकरणाकडे पाहिले, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मृत्यू पावलेले हे लोक तरुण होते, त्यांची मुले लहान होती. पतीपत्नी दोघेही कामाला गेलेली असल्यामुळे बहुधा दोघेही आजारी पडत; आधी एक, मग दुसरा. सिलिकोसिसचा रोगी शेवटच्या टप्प्यात दहा पावले चालू शकत नाही, आडवा झोपू शकत नाही, बसून बसून रात्र काढतो. त्याच्या पाठीला टेकू देणारे, पेज भरवणारे, लांबच्या हापशावरून पाणी आणणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे कोण होते? आजी-आजोबा होते तेथे ते; नव्हते तेथे घरातले सर्वांत मोठे मूल. मग ते नऊ वर्षांचे असो की चौदा. वडिलांचे सारे करून झाल्यावर त्याच मुलाने पुन्हा आईचे केले. आजारपणाच्या दोन-चार वर्षांत ते शाळेतून गळाले आणि अनाथ झाले तेव्हा परत शाळेत बसण्याचे त्याचे वय उलटून गेले होते. भरपाई मृत्यूची होती आणि मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी आली. मुलाला हात हवा होता तो त्याआधीच्या काळात, जेव्हा आईवडील जिवंत होते आणि म्हणून कोणत्याही यादीत ते मूल 'अनाथ' नव्हते.

येथेच आपल्या सगळ्या मदतव्यवस्थेची मोठी फट आहे. आपण मरण मोजतो, आजारपण मोजत नाही. कोविडच्या महामारीत २०२१ साली केंद्राने 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजना आणली, ती आईवडील गमावलेल्या मुलांसाठी. आपल्या राज्याची २०२२ ची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांसाठी. दोन्ही स्वागतार्ह. परंतु पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या बापाची मुलगी या दोन्हींतून सुटते. बाप जिवंत आहे ना!

सिलिकोसिस हे टोकाचे उदाहरण झाले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारे उदाहरण सिकलसेलचे. या पट्ट्यातील आदिवासी समाजात हे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. म्हणूनच २०२१ मध्ये झाबुआ व अलीराजपूर येथे राज्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. गडाच्या पायथ्याकडील एका फळियातली अकरा वर्षांची मुलगी आपल्या पाच वर्षांच्या भावाला घेऊन माझ्याकडे येत असे. आईबाप हंगामात गुजरातेत असत. भावाला कळा सुरू झाल्या की पाणी किती पाजायचे, अंग गरम पाण्याने कसे शेकायचे, ताप कितीवर गेला की जीप पकडायची, हे तिला ठाऊक होते. प्लीहा हाताने चाचपून ती वाढली का, हे पाहायला मी तिला शिकवले तेव्हा तिने ते इतक्या सहज आत्मसात केले, की आमच्या आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांनी धडा घ्यावा. ती पाचवीनंतर शाळेत गेलेली नव्हती. आणखी एक गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची. सिकलसेल हा अप्रभावी जनुकाचा आजार आहे. म्हणजे काळजी घेणारे भावंड स्वतः वाहक, क्वचित रुग्णही असू शकते. तिचे रक्त तपासण्याचा विचार तोपर्यंत कोणाच्याही मनात आला नव्हता, कारण ती रुग्ण म्हणून आलीच नव्हती. तपासले तेव्हा ती वाहक निघाली.

क्षयरोगाचेही तसेच. वडिलांजवळ रात्रंदिवस बसणारे मूल हे सर्वांत निकटचे संपर्कित. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार फुफ्फुसाच्या क्षयाच्या रुग्णाच्या घरातील सर्व वयांच्या संपर्कितांना, सक्रिय आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक उपचार द्यायचे आहेत. पाच वर्षांखालच्या बाळाची आठवण सर्वांना राहते. बाराव्या वर्षी थुंकीचे भांडे स्वच्छ करणाऱ्याची राहत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे आदिवासी, गरीब वस्त्यांचे दुखणे. आपल्या समाजात असे नाही. तसे म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच जुन्या वाड्यांत डोकावावे. धारच्या आणि देवासच्या पोवारांच्या राजवटींत आलेली आपली कुटुंबे एके काळी पंधरा-वीस माणसांची होती. आज त्याच वाड्याच्या दोन खोल्यांत एक आजी, एक मुलगा, सून आणि एक नात असते. कधी सून नोकरीसाठी इंदूरला ये-जा करते, कधी मुलगाच पुण्यात वा परदेशात असतो. आजीला विस्मृतिविकार जडला, की दुपारी शाळेतून येणारी नात हीच तिची परिचारिका होते. देवासच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, गावाकडचे नाते तुटलेल्या त्रिकोणी घरांत वडिलांचे डायलिसिस सुरू झाले, तर आठवड्यातून दोनदा त्यांच्यासोबत जाणारा दहावीतला मुलगाच असतो. सर्वांत झाकलेले दुखणे मनोविकाराचे. आई छिन्नमनस्कतेने ग्रस्त आहे हे सोयरिकींच्या भीतीने नातेवाइकांपासूनही लपवले जाते, आणि गोळी खाल्ली का हे पाहण्याचे काम पंधरा वर्षांच्या मुलीकडे येते. ती मैत्रिणींना घरी बोलावत नाही. शाळेत ती हुशार, शांत, समंजस म्हणून ओळखली जाते. समंजस हे विशेषण मुलाला लागले, की मी कान टवकारते.

देवासचे नाव निघाले की कुमार गंधर्वांची आठवण अपरिहार्य. १९४८ मध्ये क्षयाने जर्जर होऊन कुमारजी देवासला आले, तेव्हा भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून त्यांची शुश्रूषा केली. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तेथे शुश्रूषा करणारी व्यक्ती प्रौढ होती, सुशिक्षित होती, आणि तरीही ते दिवस किती कठीण होते हे आपण जाणतो. त्या जागी एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीला ठेवून पाहावे.

देशात अशी मुले किती, याची स्वतंत्र गणना झालेली नाही. अप्रत्यक्ष खुणा आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत सहा वर्षांपासूनच्या व्यक्तींच्या दिवसाचा हिशोब घेतला गेला. घरातील माणसांचे संगोपन व शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ७६ मिनिटे, असे दिसले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शिक्षण सोडलेल्या मुली व तरुणींपैकी सुमारे ३० टक्क्यांनी घरकाम हे कारण सांगितले. या 'घरकामा'च्या पोटात किती आजारी माणसे झोपलेली आहेत, हे त्या आकड्यातून कळत नाही. बालमजुरीचा कायदाही येथे उपयोगी नाही, कारण यात मजुरी नाही आणि मालकही नाही.

इंग्लंडमध्ये ही मुले दिसू लागली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. लफबरो विद्यापीठातील सॉल बेकर आणि जो ऑल्ड्रिज यांनी १९९३ मध्ये या मुलांवर अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये शुभंकरांच्या गरजा ओळखणारा कायदा झाला. २००१ च्या जनगणनेत काळजी वाहण्याविषयीचा प्रश्न प्रथमच विचारला गेला आणि संपूर्ण ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील सुमारे पावणेदोन लाख मुले पुढे आली. २०१४ च्या कायद्याने अशा मुलाच्या गरजांची पाहणी करणे हे स्थानिक शासनाचे कर्तव्य ठरवले. जपानने तर अलीकडेच डोळे उघडले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेतील ५.७ टक्के मुले घरातील कोणाची तरी काळजी घेताना आढळली, म्हणजे प्रत्येक वर्गात एक-दोन. आणि २०२४ मध्ये तेथील कायद्यात या मुलांचा उल्लेख आला.

मला स्वतःला सर्वांत अनुकरणीय वाटतो तो नॉर्वेचा मार्ग, कारण तो आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. २०१० पासून तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांवर कायद्याने जबाबदारी आहे, की गंभीर आजारी, मनोरुग्ण किंवा व्यसनाधीन प्रौढावर उपचार करताना त्याला लहान मुले आहेत का हे विचारायचे, आणि त्या मुलांना माहिती व आधार मिळेल हे पाहायचे. रुग्णालयात या कामासाठी नेमलेली माणसे असतात. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, नवी इमारत लागली नाही. प्रश्न मुलाच्या डॉक्टरने विचारायचा नाही, तर प्रौढाच्या डॉक्टरने विचारायचा आहे, हे त्यातील मर्म आहे. बालरोगतज्ज्ञाकडे ही मुले येतच नाहीत. ती येतात ती फिजिशियनकडे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे, कर्करोगाच्या वॉर्डात. आणि येतात ती सोबती म्हणून.

माझ्याकडे आलीच तर ती कशी येतात, हे सांगणे उपयुक्त ठरेल. वारंवार डोकेदुखी, पोटदुखी, ज्याचे कारण तपासण्यांत सापडत नाही. उचलाउचल करणाऱ्या मुलांत पाठदुखी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पाठदुखी असणे हे सामान्य नाही, आणि घातक कारणे वगळल्यावर 'घरी तू कोणाला उचलतोस?' हा प्रश्न अवश्य विचारावा. वर्गात डुलक्या, उशिरा येणे, ठरावीक वारी गैरहजेरी. वजन न वाढणे, कारण सर्वांना वाढून शेवटी जेवणारे तेच असते. आणि वयाला न शोभणारे शहाणपण. हे मूल रडत नाही, हट्ट करीत नाही, प्रश्नाला उत्तर देताना आधी आजारी माणसाकडे पाहते. त्याला दया दाखवलेली आवडत नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्या कामाचा त्याला अभिमान असतो आणि तो रास्त असतो. त्या नात्यात माया असते. म्हणून काळजीचे काम त्याच्या हातून काढून घेणे हा उपाय नव्हे. त्याच्या वयाला पेलेल एवढेच ओझे राहील हे पाहणे, हा उपाय.

कुटुंबे हे दुखणे सांगत नाहीत याचे मोठे कारण भीती. सांगितले तर मुलाला उचलून बालगृहात नेतील, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात २०१५ च्या किशोर न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात 'स्पॉन्सरशिप', म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावे यासाठी कुटुंबाला देण्याच्या अर्थसाहाय्याची तरतूद आहे. त्याच्या निकषांत विधवा माता आहे, अनाथ मूल आहे; आणि त्यांच्या जोडीला, फारशा कोणाच्या लक्षात न आलेले दोन निकष आहेत. आईवडील जीवघेण्या आजाराने ग्रस्त असणे, आणि आईवडील अपघाताने अक्षम होऊन मुलांचा सांभाळ करण्यास असमर्थ असणे. आजारपण मोजणारी अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे! केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेखाली २०२२ पासून यासाठी प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपये ठरले आहेत; कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये.

चार हजार रुपयांत काय होणार, असे विचारले जाते. मजुराच्या घरात त्यातून पुष्कळ होते. शेजारची एखादी काकू दिवसातले चार तास आजाऱ्याजवळ बसते, मूल शाळेत जाते. शेजारच्या राजस्थानने २००५ पासून चालवलेल्या 'पालनहार' योजनेत सिलिकोसिसग्रस्तांच्या मुलांचाही समावेश केलेला आहे आणि मदतीला मूल अंगणवाडीत अथवा शाळेत जाण्याची अट घातली आहे. केरळात २००८ मध्ये शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारले. घरोघर जाणारी परिचारिका रुग्णाबरोबर घरही पाहते. तिरुवनंतपुरमची 'पॅलियम इंडिया' ही डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी २००३ मध्ये स्थापन केलेली संस्था रुग्णांच्या मुलांच्या शिक्षणाला साहाय्य करते. त्यांचे सूत्र साधे आहे. मरणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी वेदना पुष्कळदा 'माझ्या मुलांचे काय' हीच असते, आणि तिच्यावर मॉर्फिन चालत नाही.

आपल्या संस्थेने काय करावे याविषयी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोगी कल्याण समितीची कल्पना मूळची आपल्या इंदूरची. १९९४ मधील प्लेगच्या भीतीच्या काळात महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या प्रचंड सफाईतून ती जन्मली आणि पुढे देशभर गेली. आज जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक केंद्रापर्यंत या समित्या आहेत आणि आपल्या सभासदांपैकी काही जण त्यांवर आहेत. सोबती म्हणून आलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला जेवणाचे ताट, झोपायला सुरक्षित जागा आणि समुपदेशकाची एक भेट, एवढी सोय समितीच्या निधीतून होऊ शकते. किशोरवयीनांसाठीची 'उमंग' केंद्रे याच इमारतींत आहेत. वॉर्डातून तेथवर मुलाला पाठवायला फक्त एक चिठ्ठी लागते. दुसरी गोष्ट शिक्षकांची. मांडू आणि नालछा भागातील शाळांत दरवर्षी आपण आरोग्य तपासणीची शिबिरे घेतो, दात आणि डोळे तपासतो. त्याच तक्त्यावर 'घरी आजारी कोण आहे आणि त्याचे कोण करते' एवढा एक रकाना वाढवावा. उत्तर मूल सांगेलच असे नाही. पण शिक्षकांना बहुधा ते ठाऊक असते, त्यांना कोणी विचारलेले नसते.

राहता राहिले प्रमाणपत्र. स्पॉन्सरशिपचा अर्ज महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा असतो आणि तेथून तो बाल कल्याण समितीपुढे जातो. मुलाच्या वयाचा आणि शाळेचा दाखला, कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते हे कागद कुटुंब धावपळ करून जमवू शकते; आजाराचा दाखला फक्त आपणच देऊ शकतो. त्यावर 'रुग्णावर उपचार चालू आहेत' एवढे लिहिलेले पुरत नाही. निदान, तो आजार जीवघेणा आहे किंवा त्यामुळे आलेली अक्षमता कायमची आहे याचा स्पष्ट निर्वाळा, आणि रुग्ण मुलांचा सांभाळ करण्यास शारीरिकदृष्ट्या असमर्थ असल्याचे एक वाक्य, असे तीन उल्लेख त्यात हवेत. मनोविकार असेल तेथे रुग्णाची संमती घेऊन आणि कागद बंद पाकिटात घालून द्यावा. हे लिहायला पाच मिनिटे लागतात. आपल्या सभासदांनी हा दाखला विनामूल्य द्यावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे. अडल्यानडल्याला १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलाने स्वतः फिरवला तरी चालतो. तो मराठी, हिंदी वा भिलीतून लिहिलेला, वॉर्डाच्या भिंतीवर मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावलेला असावा.